काकूंचं वाक्य

माझी वहिनी पगार घेऊन आजारी पडायची. दर गुरुवारी सकाळी चांगले कपडे कपाटात ठेवून ती जुना, कोपरावर विरलेला स्वेटर चढवायची आणि बसने मोठ्या इस्पितळात जायची. तिथे मागच्या इमारतीत डॉक्टरांना पेशंटशी बोलायला शिकवायचा वर्ग होता. पोट फाडायला आणि शिवायला शिकून झालेली मुलं इथे बोलायला शिकायला यायची. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कुठल्याही वर्गाची मला सहसा भुरळ पडत नाही, पण हे ऐकून मला आधी हसूच फुटलं होतं.

वहिनीचं काम म्हणजे हृदयाची झडप निकामी झालेली एक म्हातारी व्हायचं. समोर तरुण डॉक्टर. त्याने तिला दोन रस्ते समजावून सांगायचे, एक ऑपरेशनचा, एक औषधांवर राहण्याचा. कशात काय मिळतं, काय जातं, तेही सांगायचं आणि मग तिच्याबरोबर बसून ठरवायचं. तिच्यासाठी नाही, तिच्याबरोबर, हे त्या वर्गाच्या बाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगायच्या. वहिनीला सूचना होती की डॉक्टर काहीही म्हणाला तरी मान डोलवायची. मान डोलवणारा पेशंट कबूल झालाच असं धरून चालू नये, हे मुलांना कळावं म्हणून. डॉक्टरने जर विचारलं, की तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, आणि विचारून तो गप्प बसला, अगदी खरोखरचा गप्प, तरच वहिनीने खाली बघत म्हणायचं, "मला आपल्या घरी राहायचंय. ही कापाकापी नको मला." हे वाक्य ज्याला ऐकायला मिळालं तो पास.

बहुतेकांना ते मिळायचं नाही. प्रश्न विचारून गप्प बसणं त्यांच्या जिवावर यायचं. वहिनी घरी येऊन एकेकाच्या नकला करायची. लग्नाआधी ती नाटकात कामं करायची, त्यामुळे नकलांना तोटा नव्हता. एक जण प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायचा, एक जण मध्येच घड्याळ बघायचा. एका मुलाचं नाव तिने 'घाईवाला' ठेवलं होतं. तो पहिल्याच दिवशी खुर्चीवर टेकायच्या आत तिला ऑपरेशनची तारीख देऊन मोकळा झाला होता. पण पोरगा जिद्दी. पुन्हा पुन्हा आला, आणि एका गुरुवारी तो इतका वेळ शांत बसला, की वहिनीने वाक्य म्हटलं आणि ते ऐकून त्याचेच डोळे भरून आले. त्या संध्याकाळी वहिनी स्वतःच बोर्डात पहिली आल्यासारखी घरभर मिरवत होती.

घरी तालीम करताना डॉक्टर व्हायचा माझा दादा. दादा म्हणजे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. त्याची हयात लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत गेली, आणि दोन्हीकडे बोलायला कुणी नसतं. मुळात तो सावकाश बोलणारा. लहानपणी आई विचारायची, अजून वाढू का, आणि दादा विचार करून हो म्हणेपर्यंत उरलेलं माझ्या ताटात आलेलं असायचं. लग्नानंतर वहिनीच दोघांचं बोलायला लागली. शर्टाचा रंग दुकानदाराला तीच सांगायची, केस किती कापायचे ते न्हाव्याला तीच सांगायची. दादाला त्याचं काही नसायचं. उलट आपलं एक काम कमी झालं, असा चेहरा करून तो बसायचा. डॉक्टर म्हणून मात्र तो पहिल्या झटक्यात पास व्हायचा, कारण गप्प बसायला त्याला शिकावं लागत नव्हतं. मी त्याला चिडवायचे, की दादा, तू भलत्याच धंद्यात गेलास.

मग दादाला घास उतरेनासा झाला. आधी कोरडं अडकायचं, मग ओलंही. तपासण्या झाल्या आणि अन्ननलिकेत गाठ निघाली. ती ज्या विभागात दाखवायची तिथे नेमका घाईवाला होता. आता तो चांगला मोठा डॉक्टर झाला होता, पण वहिनीला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, काकू, तुम्ही इथे कशा? वहिनीने त्याला सांगितलं की आज मी नाही, आज हे आजारी आहेत.

त्या भेटीला मी नव्हते. पण तिघांकडून वेगवेगळं ऐकलंय, आणि तिघांचं जुळतं. डॉक्टरने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. टेबलामागून उठून खुर्ची दादाच्या जवळ घेतली. कागदावर चित्र काढून दाखवलं. एक रस्ता मोठ्या ऑपरेशनचा. अन्ननलिका काढायची, जठर वर ओढून जोडायचं. काही जण टेबलावरून उठत नाहीत, जे उठतात त्यांचं सहा महिने अंथरूण सुटत नाही, पण त्यातल्या काहींना पुढे चांगली वर्षं मिळतात. गाठ आहे तिथेच आहे तोवरच हे करता येतं, आणि छातीत दम असेल तरच. दोन मजले न थांबता चढता येतात का, ही त्याची साधी परीक्षा. दुसरा रस्ता म्हणजे आत एक जाळीची नळी बसवायची, म्हणजे पातळसर खाता येईल, दुखण्यावर औषधं द्यायची, आणि घरी राहायचं. त्यात वर्षं नाहीत, महिने आहेत, पण ते त्यातल्या त्यात बरे जातात. एवढं सांगून डॉक्टरने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?" आणि तो गप्प बसला.

दादाही गप्प बसला. तो विचार करत होता. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. आणि ती शांतता वहिनीच्या इतक्या ओळखीची होती, की वर्षानुवर्षं जिथे तोंड उघडायचं तिथेच तिचं तोंड उघडलं. खाली बघत, त्याच आवाजात ती म्हणाली, "यांना आपल्या घरी राहायचंय. ही कापाकापी नको यांना."

दादाने तिच्याकडे बघितलं आणि मान डोलवली. डॉक्टरचे डोळे पाणावले. त्याने दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, कळलं काका.

त्या संध्याकाळी वहिनी मला सगळं सांगताना रडत होती, पण त्या रडण्यात एक समाधान होतं. किती छान विचारलं गं त्याने, असं विचारणारा डॉक्टर लाखात एक, असं परत परत म्हणत होती. आणि दादाचं काय म्हणणं पडलं, असं मी विचारलं तर म्हणाली, तेच की, घरी राहायचंय. मला ते पटलं. ज्या माणसाला पाहुणे आले तरी आतल्या खोलीत जावंसं वाटतं, त्याला इस्पितळ आणि वर सहा महिन्यांचं अंथरूण कुठून आवडणार?

नळी बसवली. वहिनीने त्याचा पलंग खिडकीपाशी आणला, कुठे कुठे विचारून मऊ पदार्थ करायला शिकली, गुरुवारची रजा घेतली. आल्यागेल्याला सांगायची, आम्ही ठरवलंय, आता यांना कुणी त्रास द्यायचा नाही. दादा खिडकीत बसायचा आणि दुपारी ती आडवी झाली की बाहेर पडायचा. पाय मोकळे करून येतो म्हणायचा.

ते दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्यावर. एका दुपारी दाराबाहेर कुणीतरी धापा टाकतंय असं वाटलं, म्हणून मी दार उघडलं. दादा कठडा धरून उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. हा माणूस जन्मात कधी जिना चढला नाही. जिना चढणं म्हणजे त्याला स्वतःच्या धंद्याची बेअब्रू वाटायची. मी विचारलं, लिफ्ट बंद पडली का? तो म्हणाला, चालू आहे. मग हे काय चाललंय, असं विचारल्यावर तो पायरीवर बसला. मीही बसले. तो बोलेपर्यंत मी काही बोलले नाही. मला त्याची सवय होती.

"दोन मजले न थांबता चढता आले, तर ऑपरेशन करतात," तो म्हणाला. "मला परवा आले. आज मध्ये एकदा थांबायला लागलं."

मी म्हटलं, "तुला ऑपरेशन करायचंय?"

"हो."

"अरे, मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. विचार करत होतो. तेवढ्यात ती बोलली." तो श्वास घ्यायला थांबला. "इतकं मनापासून बोलली ती. मला वाटलं, तिलाच ते हवंय. सहा महिने माझं हगणं-मुतणं काढायला तिला नको असेल. आणि ते तिने का काढावं? म्हणून म्हटलं, असू दे."

"आणि मग हे जिने कशाला चढतोयस?"

"म्हटलं, कुणी परत विचारलं तर आपण तयार असावं."

त्याला जगायचं होतं. एवढी साधी गोष्ट. आणि ती त्याने कुणाकडे मागितली नव्हती, दुपारच्या वेळी जिन्यात एकट्याने तिची तयारी करत होता. मला त्याचा राग आला, वहिनीचा आला, त्या शहाण्या डॉक्टरचा तर फारच आला, आणि सगळ्यात जास्त रडू आलं.

खाली जाऊन मी वहिनीला उठवलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. आधी ती हसली. म्हणाली, काहीतरीच काय वन्सं, त्यांनी स्वतः मान डोलवली. आणि हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू गेलं. तिचा हात तोंडावर गेला. ती तशीच अनवाणी जिन्यात गेली. दादा अजून तिथेच बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, तुमचं सगळं करायला मी एका पायावर तयार होते. मला वाटलं, आतून प्रत्येकाला तेच हवं असतं. एवढी वर्षं मी तेच म्हणत आले ना." दादा म्हणाला, तू चांगलंच म्हणायचीस. त्याला खरंच तसं वाटत होतं, ते काही टोमणा मारणं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. सगळं ऐकून तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "काकूंचं ते वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, जमलं. तिथे ते वाक्य ऐकू आलं की आपण पास. माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. काकांकडून ऐकायचं राहूनच गेलं." मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण त्याचा चेहराच इतका उतरला होता की मी गिळून टाकले. त्याने लगेच पुन्हा स्कॅन करायला पाठवलं. दादा इस्पितळाचे दोन मजले जिन्याने चढून गेला, न थांबता, आणि वर पोचल्यावर त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याला इतकं खूश मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी वहिनी खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत आले तर मी मध्येच बोलेन, म्हणाली. आत मी आणि दादा गेलो. डॉक्टरने या वेळी कागद घेतला नाही. गाठ यकृतात पसरली होती. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

दादाने बऱ्याच वेळाने विचारलं, "तेव्हाच केलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाला, "तेव्हा करता आलं असतं काका. यशस्वी झालं असतं का, ते कुणीच सांगू शकत नाही. पण करता आलं असतं. चूक माझी आहे."

मग त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता पुढे काका, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं? आणि थांबला. दादाने किती वेळ घेतला मला सांगता येणार नाही. बाहेर कुणाची तरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होते, तिचा आवाज लांब जाऊन बंद झाला. मी जीभ दाताखाली धरून बसले होते.

"तिला सांगा, तेव्हाही जमलं नसतं," दादा म्हणाला.

डॉक्टर म्हणाला की काका, मी खोटं कसं सांगू, आणि तेही काकूंना. दादा म्हणाला, तुम्ही विचारलंत ना मला काय महत्त्वाचं आहे म्हणून. माझं आता हेच आहे. मी जाईन. तिला इथे राहायचंय, एकटीला. डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते दोघं हळू आवाजात कसं सांगायचं ते बोलायला लागले. पसरलेलं आधीपासूनच होतं, पहिल्या स्कॅनमध्ये दिसलं नव्हतं, एवढंच सांगायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. माझ्याकडूनही दादाने वचन घेतलं. मी आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही, पण इतकं जड खोटं कधी उचललं नव्हतं.

बाहेर डॉक्टर वहिनीशेजारी बाकावर बसला आणि त्याने ते सांगितलं. चांगलं सांगितलं. अडखळला नाही, नजर चुकवली नाही. वहिनी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती. ऐकून झाल्यावर ती बरं म्हणाली आणि उठून दादाची पिशवी घ्यायला आत गेली. तिला पटलं, असं मी धरून चालले. मला तसं धरून चालायचंच होतं.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. पण ते दिवस वहिनी त्याला प्रत्येक गोष्ट विचारायची, पडदा लावू का, उशी उंच हवी का, आणि विचारून थांबायची. कधी कधी तो उत्तर देईपर्यंत चहा निवून जायचा. ती तो परत गरम करायची आणि पहिल्यापासून विचारायची. शेवटी शेवटी त्याला बोलवत नव्हतं, तरी ती विचारत आणि थांबत राहिली. तो गेला तेव्हाही ती त्याच्या उत्तरासाठीच थांबलेली होती. तो गेलाय हे मला आधी कळलं, आणि मीच ते तिला सांगितलं.

काही महिन्यांनी गुरुवारचा स्वेटर पुन्हा निघाला. मला बरं वाटलं. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा चार माणसांत जाईल. मग एकदा तिचा गुडघा सुजला, म्हणून मी तिला सोडायला गेले. वर्गाच्या बाईंनी मला काचेमागच्या खोलीत बसवलं. तिथून आतलं दिसतं, ऐकू येतं, पण आतून आपण दिसत नाही. बाई मला म्हणाल्या, तुमच्या वहिनींनीच बदल करून घेतला. म्हातारीचं काम आता करत नाहीत.

आत तीन खुर्च्या होत्या. पेशंट झाला होता एक निवृत्त पोस्टमन. समोर कोवळ्या वयाची एक डॉक्टर मुलगी. आणि पेशंटच्या शेजारी वहिनी, त्याची बायको होऊन. बाई सांगत होत्या, की नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देते, आणि डॉक्टरने तिला दुखावल्याशिवाय थांबवायचं, एवढाच धडा. एवढाच. तेव्हा मला कळलं, की त्या बाकावर बसून तिने डॉक्टरच्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नव्हता. अशी किती पोरं तिने बघितली होती. तिने ते खोटं ओळखलं, कुणाचं आहे तेही ओळखलं, आणि त्याला हवं होतं म्हणून घेतलं.

मुलीने दोन्ही रस्ते छान समजावले. मग पोस्टमनकडे वळून तिने विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?" पोस्टमन खाली हातांकडे बघत राहिला.

"यांना ना," वहिनी म्हणाली.

आणि ती थांबली. असं थांबणं कामात सांगितलेलं नाही, बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, पण तिथे त्या दर वेळी अशाच थांबतात. वहिनी त्या मुलीकडे बघत होती. मी काचेमागून मनात म्हणत होते, अगं पोरी, थांबव तिला. एक शब्द बोल. मुलीने पेन हातात घेतलं आणि वहिनीकडे बघून, बोला ना काकू, अशी प्रेमाने मान हलवली.

वहिनी आणखी थोडा वेळ थांबली. मग तिने वाक्य पुरं केलं.